पाय कुणी ओढला

गजेंद्रराव टेलिफोन खात्यात उभा जन्म केबल जोडत होते. खांबावर चढले, खड्ड्यात उतरले, पावसापाण्यात शिड्या लावल्या, पण कधी पडले नाहीत. पडले ते निवृत्तीनंतर, मैलापुरातल्या स्वतःच्या घरावरून, आणि कशासाठी, तर गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का ते बघायला. दोन हजार चारच्या त्या उन्हाळ्यात अख्ख्या चेन्नईत कुणाच्याच टाकीत पाणी नव्हतं. देवळाचं तळंसुद्धा कोरडं पडून पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. खाली गल्लीत पाण्याची लॉरी आली, बायकांच्या रंगीत घागरींची एकच गर्दी झाली, आणि गजेंद्ररावांना वाटलं, आधी टाकीत डोकावू, मग रांगेत उभे राहू. शिडीची वरची पायरी गंजलेली होती. शहाण्या माणसानं आधी हलवून बघितली असती. खात्यात ते इतरांना हेच बजावत आले होते.

पाठ कट्ट्यावर आपटली. पाठीच्या कण्यातली दोरी छातीच्या खालच्या बाजूला चेंगरली. बेंबीच्या वरपासून खाली सगळं शांत झालं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको, कृष्णवेणी, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी विद्यालक्ष्मी. तिनं वर्षापूर्वी ऑफिसातल्या कार्तिकेय नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि ती अण्णा नगरला राहायला गेली. मुलगा तमिळ. चांगला, शिकलेला, निर्व्यसनी. गजेंद्ररावांनाही त्याच्यात खोट काढता येईना, म्हणून तर ते जास्तच चिडले. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तंजावरहून आलेली त्यांची ती जुनी मराठी, कृष्णवेणी गेल्यावर, घरात फक्त दोघं बोलत होते, बाप आणि लेक. ती तमिळ घरात गेली की बोलायचं कुणाशी? हे असं सरळ म्हणाले असते तर पोरगी रोज संध्याकाळी येऊन तासभर बोलून गेली असती. पण सरळ बोलणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. ते म्हणाले, "मज हें लग्न मान्य नाही," आणि लग्नाला गेले नाहीत.

पडल्याचं कळल्यावर विद्या इस्पितळात धावत आली होती. गजेंद्ररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसांत त्यांच्या शरीरातलं तेवढंच त्यांच्या मर्जीनं फिरत होतं, आणि त्यांनी ते नेमकं तिच्यापासून फिरवलं. ती खाटेशेजारी बराच वेळ उभी राहिली आणि निघून गेली. ती गेल्यावर त्यांना वाटलं, परत येईल, मग बोलू. ती परत आली नाही.

घरी आल्यावर त्यांचं सगळं करायला अलमेलू आली. मागच्या गल्लीतली तमिळ विधवा, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. ती त्यांना अंघोळ घाली, कूस बदले, चाकाच्या खुर्चीत बसवून खिडकीशी नेऊन ठेवी. ती संध्याकाळी भात लावायला आत गेली की गजेंद्रराव शेजारच्या तिवईवरचा फोन उचलत, कानाला लावत, तो एकसुरी आवाज ऐकत आणि ठेवून देत. लाइन चालू आहे की नाही ते बघतो, असं ते स्वतःला सांगत. लाइन रोज चालू असे. अण्णा नगरचा नंबर त्यांना पाठ होता.

व्यायाम करवून घ्यायला रेवा येई. सातारची मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, स्कूटीवरून येणारी. तिच्याशी मराठी बोलता येतं म्हणून गजेंद्रराव तिची वाट बघत, पण तिची मराठी त्यांना धावती वाटे आणि त्यांची तिला पोथीतली.

"काका, 'मज' काय म्हणता हो? मला वाटतं आता आरतीच सुरू होणार."

"आमच्या घरांत असेंच बोलतात गे. तूच घाई करून बोलतेस. बस सुटायची आहे काय तुज?"

पाय कधी चालतील, हा त्यांचा एकच प्रश्न. ते तिला उजव्या हाताचं बोट दाखवत. तरुणपणी केबलच्या पत्र्यानं ते बोट कापलं होतं, शेंड्याकडचा भाग पार बधिर. मग महिनोन्‌महिने मुंग्या येत येत जाण हळूहळू पुढे सरकत गेली आणि एक दिवस शेंड्याला चहाचा पेला गरम लागला. "बोटांत आलें तर पाठींत काय म्हणून येणार नाहीं? वायर ती वायरच की."

रेवाला यावर एकदम उत्तर देणं जिवावर येई. "बघू काका," म्हणून ती त्यांचा गुडघा वाकवत राही.

ऑगस्ट संपत आला होता. एके दुपारी दाराची कडी वाजली आणि अलमेलूनं दार उघडलं तर विद्या. पोट पुढे आलेलं, चेहरा उन्हानं लाल झालेला. गजेंद्ररावांना काहीच माहीत नव्हतं. ते बघतच राहिले. इस्पितळात आली होती तेव्हाही ती पोटुशी असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"अप्पा," ती दारातूनच म्हणाली, "पुढल्या शुक्रवारी माझें वळैकाप्पू आहे. बांगड्या भरतात. त्याच्या आधीं तुमच्या पायां पडायला आलें."

त्यांनी नुसती मान हलवली. तिला ती दिसली की नाही कोण जाणे. ती एका हातानं खुर्चीचा दांडा धरून, पोट सांभाळत खाली वाकली.

गजेंद्ररावांच्या घराण्यात आशीर्वाद द्यायची एक रीत होती. नमस्काराला कुणी वाकलं की वडीलधाऱ्यानं डोळे मिटायचे, आधी मनातल्या मनात तंजावरच्या पूर्वजांची नावं घ्यायची, बापाचं, आज्याचं, पणज्याचं, त्यांच्या बायकांची, आणि मग डोळे उघडून मोठ्यानं आशीर्वाद म्हणायचा. पूर्वज आधी, आपण नंतर. लहानपणी विद्या वाकून वाकून कंटाळायची आणि "अप्पा, आज्जा मोजून झाले काय?" म्हणून विचारायची. त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी नावं घेताना त्यांना रडू येत होतं. कृष्णवेणीचं नाव शेवटी आलं, तिथं ते जरा जास्तच थांबले.

डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं. दारापुढच्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्या चपला ऐकू येत होत्या. उजवा पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून खाली घसरला होता. त्यांना वाटलं, उठताना तिचा धक्का लागला असेल. उगाच रीत म्हणून आली आणि रीत म्हणून गेली, थांबायचंही नव्हतं तिला, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि ते संध्याकाळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी त्यांनी फोन उचलून बघितला नाही.

अलमेलूनं मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट आदळायची, कूस बदलताना हात राकट लागायचा. दोन दिवस असे काढल्यावर तिसऱ्या दिवशी सांबाराची वाटी ठेवता ठेवता तिचा बांध फुटला.

"सर, तुमचं मीठ खाते म्हणून गप्प बसले. पण पोटातल्या पोराला घेऊन लेक पाया पडायला आली, आणि तुम्ही पाय ओढून घेतला? तिचा हात लागताक्षणी? कुत्र्यालासुद्धा कुणी असं करत नाही. पदर तोंडाला लावून उतरली बिचारी."

गजेंद्ररावांनी तिच्याकडे आ वासून बघितलं. "ओढला? माझा पाय ओढला गेला?"

"मी स्वयंपाकघराच्या दारात होते. गुडघ्यातून वर घेतलात. मलाच वाटलं, हे तर बरे झालेत आणि आम्हाला सांगत नाहीत."

इथं खरं सांगायला हवं. त्यांना पहिल्यांदा आठवण आली ती विद्याची नव्हे. पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. पाय हलला! एवढा आनंद की त्यांनी अलमेलूचा हात धरला. बोटासारखंच झालं, वायर जुळली, असं ते दोनदा म्हणाले. मग तिचा चेहरा बघितला आणि तिनं काय सांगितलं ते त्यांच्या डोक्यात शिरलं. विद्यानं हात लावला, पाय मागे गेला, आणि त्या वेळी तिचा बाप डोळे मिटून गप्प बसला होता. सांबार तसंच निवलं.

दुसऱ्या दिवशी रेवा येताच त्यांनी तिला विचारलं. तिनं त्यांच्या तळपायावरून अंगठा ओढला. गजेंद्ररावांना काही कळलं नाही, पण डोळ्यांना दिसलं. पाय वर गेला. गुडघा वाकला, टाच थरथरली आणि पाय पुन्हा खाली आला.

"बघ! आलें की नाहीं?"

रेवा खाली बसली. हे तिला कधी ना कधी सांगावं लागणारच होतं. "काका, हा पाय तुम्ही हलवला का? मनात आणलं होतं का हलवायचं?"

"नाहीं."

"मग नीट ऐका. डोक्यातून निघालेले मज्जातंतू पाठीतून खाली येतात. तुमच्या पाठीत ते तुटलेत. तुटल्यावर ते वाढायचा प्रयत्न करतात, नाही असं नाही. टोकाला कोंब फुटतात. पण बोटात तंतूवरची जुनी नळी शिल्लक असते, कोंब तिच्यातून सरळ पुढे जातो. पाठीत तशी वाट राहत नाही. तिथं वण धरतो, आणि भोवतालच्या पेशीसुद्धा वाढ थांबवतात. कोंब थोडा पुढे येतो आणि वणापाशी अडतो. जगभर लोक त्यावर शोध घेतायत. अजून कुणाला पुरतं जमलेलं नाही."

"मग हा पाय?"

"वणाच्या खालच्या पेशी मेलेल्या नाहीत, काका. आधी धक्क्यानं गप्प बसल्या. वरून काही निरोप येत नाही म्हटल्यावर आता त्या फार हळव्या झाल्यात. तिथल्या तिथं आपसात जोडण्या करतात आणि जरा हात लागला की पाय खेचतात. त्यांना आवरायला डोकं नाही, कारण डोक्याशी त्यांचं बोलणंच उरलेलं नाही. पाय ओढला गेला. तुम्ही ओढला नाहीत."

एका दमात गजेंद्ररावांचे दोन निकाल लागले होते. पाय चालणार नाही, हा एक. आणि लेकीला नाकारलं ते त्यांनी नव्हे, हा दुसरा. वरून निरोप येत नाही म्हणून हळवं झालेलं, कुणी हात लावला तरी झिडकारणारं, असं आणखी कुणीतरी या घरात वर्षभर बसलेलं आहे, हे त्यांना त्या घटकेला कळलं. पण ते रेवाला सांगण्यासारखं नव्हतं.

तिचं काम उरकून ती गेल्यावर त्यांनी फोन उचलला आणि या खेपेला नंबर फिरवला.

"विद्या, मी बोलतों. त्या दिवशीं पाय मी ओढला नाहीं गे. पायानें ओढला. मी नव्हें."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"खालच्या पेशी आहेत ना, त्या डोक्यास न विचारतां ओढतात. मज कळलेंसुद्धा नाहीं. मी नांवें घेत होतों डोळे मिटून. तुज ठाऊक आहे की आपली रीत."

"अप्पा," विद्याचा आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "पाय हलणार नाहीं म्हणून डॉक्टरांनीं सांगटलें होतें. हलला तो नेमका मी हात लावल्यावर. बरें, तो पायानें ओढला. मग इस्पितळांत तोंड कोणीं फिरवलें? लग्नाला कोण आले नाहींत? वर्षभर कोण ओढत होते?"

पेशींवर ढकलता येण्यासारखं ते नव्हतं.

"मी शुक्रवारीं येऊं काय?" त्यांनी विचारलं.

"या," ती म्हणाली. मग म्हणाली, "दुसरा मजला आहे अप्पा. लिफ्ट नाहीं."

गजेंद्ररावांनी मनात सगळं ठरवून टाकलं. भांडण करून पटणार नाही, करून दाखवायचं. ती वाकेल तेव्हा आधीच सांगायचं, पायाकडे बघूं नको, माझ्याकडे बघ. हात तिच्या डोक्यावर ठेवायचा. पाय ओढला जाईल आणि हात तिथंच राहील. मग तिला कळेल की वरचा माणूस वेगळा आणि खालचा पाय वेगळा. त्या दिवसापासून ते अलमेलूला रोज तळपायाला हात लावून बघायला सांगत आणि पाय उडाला की समाधानानं मान डोलवत. अलमेलूला हे काही तितकंसं आवडत नसे.

गुरुवारी पाय असा उसळला की ते खुर्चीतून घसरता घसरता वाचले. रेवानं डॉक्टरांना कळवलं आणि त्यांनी दुसऱ्या सकाळपासून घ्यायला झटके कमी करायची गोळी लिहून दिली.

शुक्रवारी सकाळी अलमेलूनं देवळाच्या बाजूच्या दुकानातून हिरव्या बांगड्या आणल्या. भाड्याची ओम्नी गाडी दाराशी आली. ड्रायव्हर आणि शेजारचा एक गडी यांनी गजेंद्ररावांना उचलून मागच्या बाकावर बसवलं. निघता निघता अलमेलूनं ती पहिली गोळी त्यांच्या तोंडात घातली आणि वर पाणी पाजलं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, प्रवासात विसरायची नाही, वाटेत झटका आला तर माणूस पडेल. गजेंद्रराव पांढरं धोतर, कपाळाला गंध, आणि मनात एकच वाक्य घोळवत बसले होते. गोळी कसली म्हणून त्यांनी विचारलंही नाही.

अण्णा नगरच्या त्या इमारतीत खाली मोटारसायकली लावायची जागा होती. तिथं खांबाच्या सावलीत त्यांची खुर्ची उलगडली, त्यांना बसवलं, पाय पट्टीवर नीट ठेवले. वरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, गाणं चाललं होतं, तमिळ. अलमेलू बांगड्या घेऊन वर गेली. आज वर्षभरात पहिल्यांदा ते लेकीच्या दाराशी आले होते आणि दोन मोटारसायकलींच्या मधे बसले होते. हसू यावं अशीच गोष्ट होती, पण त्यांना आलं नाही.

मग जिन्यात बांगड्या वाजल्या. कोपरापर्यंत भरलेले दोन हात, एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी सांभाळत विद्या उतरत होती. मागे अलमेलू होती. विद्याच्या डाव्या मनगटावर सगळ्यांत वर हिरव्या बांगड्या होत्या.

"कसाला उतरलीस गे, या अवस्थेंत?" ते म्हणाले. ठरवलेलं वाक्य हे नव्हतं.

"तुम्हांला चढतां येत नाहीं म्हणून." ती समोर उभी राहिली. वाकू का नको, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. भीती दिसत होती. आपल्या पोरीला आपल्या पायांची भीती वाटते, हे बापाला सोसवेना.

"वाक," ते म्हणाले. "पण पायाकडे बघूं नको. माझ्याकडे बघ. पाय ओढला जाईल. जाऊं दे."

ती वाकली. बांगड्या खळकन पुढे सरल्या. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. पूर्वजांची माफी मागून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली बघत राहिले. तिचे दोन्ही हात त्यांच्या पायांवर होते. आता ओढेल. आता. त्यांनी जन्मात कशाची एवढी वाट बघितली नसेल.

पाय हलला नाही.

तिनं हात तसेच ठेवले, थोडे दाबले. पाय पट्टीवर निवांत पडून होते, एखाद्या गुणी मुलासारखे. मग गजेंद्ररावांना सकाळची गोळी आठवली.

विद्यानं मान वर केली. डोळे भरलेले होते आणि त्यातून ती हसत होती. "ओढला नाहींत अप्पा. आज ओढला नाहींत."

"विद्या, तें त्या..." ते म्हणाले.

"नको अप्पा, कांहीं सांगू नका. राग होता, त्या दिवशीं ओढलात. आज राग गेला. मज एवढें पुरे आहे." तिनं त्यांच्या गुडघ्याला गाल टेकला. त्यांना तो दिसला, लागला नाही.

मागे अलमेलूनं बोलायला तोंड उघडलं. गोळी तिनंच दिली होती, तिलाही उमगलं होतं. गजेंद्ररावांनी तिच्याकडे बघून मान हलवली. नको.

लेकीला आनंद व्हायला त्यांनी त्या दिवशी पाय ओढलेला असायला हवा होता. म्हटलं तर खोटं, म्हटलं तर वर्षभराचं खरं. त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं. मग पूर्वजांची नावं घेतली, यावेळी मोठ्यानं, म्हणजे तिला ऐकू जातील. कृष्णवेणीपाशी आवाज चिरकला. ती ऐकत तशीच बसून राहिली.

"आज्जा मोजून झाले काय?" तिनं विचारलं.

"झाले."

वरून कुणीतरी तिला हाक मारली, ओवाळायचं राहिलं होतं. कार्तिकला पाठवते, चौघं मिळून तुम्हांला वर नेतील, असं ती म्हणाली. ते म्हणाले, नको, इतक्या बायकांत उचलून नेऊ नका मला, पुढल्या खेपेला बघू. ती दोनदा मागे बघत जिना चढली. बांगड्यांचा आवाज वर वर जात गाण्यात मिसळला. मग कार्तिकेय स्वतः खाली आला, केळीच्या पानावर जेवण घेऊन, आणि ते जेवेपर्यंत शेजारी उभा राहिला.

ऊन उतरल्यावर गाडी निघाली. मैलापूर जवळ आलं, तेव्हा गोळीचा अंमल सरत आला असावा. अलमेलूनं त्यांचं घसरलेलं पाऊल सारखं करायला हात लावला आणि पाय गुडघ्यातून वर उसळला, चांगला जोरात, पुढच्या बाकावर आपटला.

अलमेलूनं तो दोन्ही हातांनी धरला. गजेंद्ररावांनी त्याच्याकडे बघितलं.

"आतां ओढतोस," ते पायाला म्हणाले. मराठीत म्हणाले, आणि गाडीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं.